मधल्या खुर्चीचा फोटो

लहूचा मला राग येतो हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे मी त्याची बाजू घेतली, तर कुणी म्हणायला नको की मीरा आपल्या नागपूरवाल्याला सांभाळून घेते.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात आमचं आणि त्याचं घर समोरासमोर. मधे गवताचा एक पट्टा आणि त्यात एक मेपलचं झाड. लहू रामटेके सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खोट शोधायची, हे त्याचं पोटापाण्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही असं माझा नवरा विवेक सांगतो, आणि दोघं एकाच ऑफिसात असल्यामुळे ते खरं असावं. आमच्याकडे जेवायला आला की खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे त्याला आधी कळतं, ताटात भाजी कुठली आहे ते मागाहून. पण माणूस वाईट नाही. कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, कुणाची गाडी बर्फात रुतली, तर सगळ्यांत आधी पोचणार तो लहूच. बायको उपासना एका लॅबमध्ये कामाला, मुलगी मैत्री नऊ वर्षांची. लहू माझ्याहून तीन वर्षांनी लहान म्हणून मला ताई म्हणतो.

त्याची आई पंचफुलाबाई. मी त्यांना मावशी म्हणायची. उत्तर नागपुरातल्या एका शाळेत त्या एकतीस वर्षं शिपाई होत्या. नवरा लवकर गेला. मोहन आणि लहू या दोन पोरांना त्यांनी त्या नोकरीवर वाढवलं. मागच्या मे महिन्यात त्या पहिल्यांदा अमेरिकेत आल्या, सहा महिन्यांसाठी, आणि उपासना कामावर गेली की मेथीची जुडी घेऊन माझ्याकडे येऊन बसायच्या. माझी नोकरी घरूनच, त्यामुळे माझा एक कान मीटिंगमध्ये आणि एक मावशींकडे.

अशाच एका दुपारी त्यांनी मला वर्गाच्या फोटोचं सांगितलं. दर वर्षी जानेवारीत शाळेत फोटोवाला यायचा. मुख्याध्यापकांच्या खोलीतून खुर्च्या मैदानात आणायच्या, ओल्या फडक्यानं पुसायच्या, मग कोरड्या. मागे बाकं लावायची, त्यांच्यावर मुलं उभी करायची. मधली खुर्ची मुख्याध्यापकांची, तिच्या दोन्ही बाजूंना शिक्षक. सगळे बसले की फोटोवाला म्हणायचा, "हं, बाई, बाजूला व्हा." मग मावशी बाईलोकांच्या पर्सा सांभाळत त्याच्या स्टँडजवळ उभ्या राहायच्या.

"एकतीस फोटो हायेत भिंतीवर," त्या मला म्हणाल्या. "मी एकातबी नाही. पन खुर्च्या साऱ्या मीनं पुसल्या."

कुरकुर नव्हती. हसत सांगत होत्या. मीच उगाच मेथीकडे बघत बसले.

तर तिकीट काढलं त्याच दिवशी त्यांनी लहूला फोनवर आपली मागणी सांगून टाकली होती. मॉल नको, धबधबा नको, काही नको. एक फोटो पाहिजे. त्या मधल्या खुर्चीवर, आणि बाकी सगळे भोवती. लहूच्या लग्नातले फोटो होते, पण त्यात त्या कुठे वाढताना वाकलेल्या, कुठे फ्लॅशनं डोळे मिटलेल्या. एक धड फोटो म्हणावा असा त्यांच्या सत्तर वर्षांत निघाला नव्हता. लहूनं ते फार मनावर घेतलं, आणि तिथेच सगळं बिनसलं. त्यानं ते थोडं कमी मनावर घेतलं असतं तर आज तो फोटो आमच्या सगळ्यांच्या घरात असता.

मावशी यायच्या आधी महिनाभर त्यानं कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याबरोबर एक साधी लेन्स आली होती. ती त्यानं पहिल्याच आठवड्यात विकून टाकली, कारण ती घरात राहिली तर आपण तिच्यावरच समाधान मानू अशी त्याला भीती वाटली. हे त्यानं मला अभिमानानं सांगितलं. मी म्हटलं, अरे बाबा, जेवण शिजायच्या आधी घरातली भाकरी कुणी टाकून देतं का. तो हसला आणि मला लेन्सचं शास्त्र समजावून सांगू लागला.

त्याला एकच झूम लेन्स हवी होती, जी सगळं करेल. घरात सगळे एका चौकटीत मावले पाहिजेत आणि मैत्री फुटबॉलच्या मैदानात पार पलीकडे असली तरी तिचा चेहरा जवळ आला पाहिजे. लेन्सवरचा आकडा लहान असला की खोली मावते, मोठा असला की लांबचं जवळ येतं. चोवीस ते सत्तर घेतली तर स्वच्छ, पण लांबचं येत नाही. अठ्ठावीस ते दोनशे घेतली तर लांबचं येतं, पण घरात उजेड कमी पडतो. चोवीस ते एकशेपाच मधली, पण मधली म्हणजे दोन्हीकडून थोडी थोडी कमीच. शिवाय वजन. जड असली तर रोज गळ्यात कोण घालणार? हलकी असली तर काच कशी असणार? मी म्हटलं, लहू, तू लेन्स शोधतोयस की जावई? तर म्हणाला, ताई, एकदाच घ्यायची आहे ना, मग नीट बघायला नको?

हे वाक्य मला कळतं. त्याचीच जात, त्याच्याच गल्लीसारखी गल्ली, मला कसं न कळणार. आमच्याकडे सायकल एकदा यायची, पंखा एकदा यायचा, आणि चुकीचा आला तर तोच चुकीचा पंखा वीस वर्षं डोक्यावर फिरायचा. अभ्यासाचंही तेच. एक परीक्षा हुकली की मागे दुसरी वाट नव्हती. आम्हाला चुकायची मुभा कधी मिळालीच नाही. मग या देशात आलो आणि कळलं की इथे वस्तू घेऊन, वापरून, तीस दिवसांत परत करता येते. कुणी का म्हणून विचारत नाही. आई-वडील यायचे म्हणून आणलेली हवेची गादी ते गेल्यावर परत, पार्टीसाठी आणलेला तंबू सोमवारी परत. सगळेच करतात. मी करत नाही असं म्हणणारा खोटं बोलतो.

लहूला त्या तीस दिवसांचं व्यसन लागलं. एक लेन्स आणायची, अठ्ठावीस दिवस तपासायची, एकोणतिसाव्या दिवशी खोट सापडायची, तिसाव्या दिवशी परत. मावशी आल्या तेव्हा दुसरी चालू होती. त्या परत गेल्या तेव्हा सातवी.

तपासणीची पद्धत अशी. लायब्ररीच्या मागच्या विटांच्या भिंतीचे फोटो काढायचे, कारण विटांच्या रेषा सरळ असतात आणि कडा कुठे बिघडते ते लगेच दिसतं. मग कुंपणाचे. मग घरात नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावरच्या बारीक अक्षरांचे. आणि मग आईचे. माणसाची कातडी कशी येते, केस सुटे सुटे दिसतात का, हे भिंतीवरून कळत नाही म्हणून मावशींना खुर्चीवर बसवायचं. पण मधे नाही. मधे तर कुठलीही लेन्स चांगलीच दिसते, असं तो म्हणायचा. खरी परीक्षा कोपऱ्यात. म्हणून, आई, जरा डावीकडे सर, अजून, अजून, करत तो त्यांना पार चौकटीच्या टोकाला नेऊन बसवायचा.

"हा बी मले बाजूलेच बसवते," मावशी मला हसून म्हणाल्या होत्या. त्या दिवशी मीही हसले. 

मावशींनी पहिल्या दिवशी त्या तपासणीसाठी पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली होती. त्यांना वाटलं हाच फोटो. दुसऱ्या दिवशी गाऊनवर स्वेटर घालून बसल्या.

लहू कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावून प्रत्येक फोटो मोठा करून बघायचा. कॉम्प्युटरवर एक शीट केलं होतं, त्यात प्रत्येक फोटोची एक ओळ. तारीख, जागा, मधे कसं, डावी कडा कशी, उजवी कडा कशी, शेरा. जे धूसर दिसतं त्याला तो सॉफ्ट म्हणायचा. ओळ भरून झाली की फोटोचं काम संपलं. लेन्स परत करताना तो कार्ड पूर्ण पुसून टाकायचा. जुन्या लेन्सचे फोटो नव्यात मिसळले तर तुलना चुकते, हा त्याचा नियम, आणि ऑफिसात या शिस्तीबद्दल त्याला बक्षीसही मिळालेलं होतं.

आता कुणीही विचारेल, अगं, पण फोन काय झाले होते? आजकाल प्रत्येकाच्या हातात फोन असतो. हो, होता ना. काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण लहू एकदा जेवताना म्हणून गेला होता की फोनचा फोटो म्हणजे चेहऱ्याची वाट लावतो, नाक मोठं, कान लहान. मावशींनी ते ब्रह्मवाक्य धरलं. त्यानंतर कुणीही फोन उचलला की त्यांचा तळहात पुढे यायचा. मी चारदा प्रयत्न केला. चारही वेळा तेच.

"नको काढू बाई. माहा लहू काढनार हाये."

त्यात हट्ट नव्हता, मान होता. लेकानं त्यांच्यासाठी एवढं मांडलंय, त्याच्या आधी दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये कसं जायचं? आपल्याकडे पहिला मान ज्याचा त्याला देतात. मी फोन खाली ठेवायची. मला तेव्हा ते गोड वाटायचं, हा माझा मूर्खपणा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सहाव्या लेन्सचा अठ्ठाविसावा दिवस होता. तळ्याकाठची झाडं लाल-पिवळी झाली होती, ऊन स्वच्छ. लहू स्वतःहून म्हणाला, ताई, आज काढू, तुमची व्हॅन लागेल, खुर्च्या न्यायच्या आहेत. खुर्च्या किती, यावर त्याचं आणि मावशींचं सकाळी बोलणं झालं होतं. लहू म्हणाला एक. मावशी म्हणाल्या तीन. एकटी खुर्ची मधली कशी होईल? मधली व्हायला दोन बाजूंना लागतातच. त्यांचं बरोबर होतं. उपासनाच्या जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या आम्ही व्हॅनमध्ये घातल्या.

तळ्याकाठी पोचल्यावर मावशींनी आम्हाला हात लावू दिला नाही. पिशवीतून दोन फडकी काढली, एक ओलं, एक कोरडं. तिन्ही खुर्च्या पुसल्या, पाय गवतात दाबून डुगडुगतात का पाहिलं, एका रेषेत आणल्या. पांढरी साडी, निळे काठ, चष्मा लख्ख पुसलेला. मधली खुर्ची बोटभर पुढे ओढली. आणि मग सवयीनं फडकी घेऊन लहूच्या स्टँडजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, कम ऑन, यू सिट हिअर," मैत्रीनं मधल्या खुर्चीवर हात आपटला.

मावशी ओशाळल्या. जाऊन बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. एका बाजूला मैत्री, दुसऱ्या बाजूला उपासना. मी बटण दाबते म्हटलं तर लहू म्हणाला, नको, तुमचा हात हलेल. त्यानं दहा सेकंदांचं टायमर लावलं आणि धावत जाऊन उजव्या टोकाला, उपासनाच्या मागे, उभा राहिला. असं अकरा वेळा केलं. प्रत्येक वेळी तो धापा टाकत यायचा आणि मावशी त्याच्याकडे मान वळवून हसायच्या, आणि उपासना सांगायची, आई, समोर बघा. मी फोन उचलला. मावशींनी बसल्या जागेवरून तळहात दाखवला. मी फोन पर्समध्ये टाकला. पुन्हा सांगते, मी तो पर्समध्ये टाकला.

मग लहूनं कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात फोटो मोठा करून पाहिला. मी शेजारी होते, पण ऊन इतकं होतं की मला काही दिसलं नाही. तो पडदा उजवीकडे सरकवत गेला, टोकापर्यंत, आणि त्याचा चेहरा उतरला.

"सॉफ्ट आहे," तो म्हणाला. "राइट एज पूर्ण सॉफ्ट. लेन्सच्या आतली काच तिरकी बसली आहे. हे पीस चालणार नाही."

मावशी खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. तिथूनच विचारलं, "मी आली का रे त्यात?"

"एक मिनिट, आई," लहू म्हणाला.

ते मिनिट काही संपलं नाही. त्यानं लेन्स काढून तिची मागची काच उजेडात धरून पाहिली, मग कॅमेरा बॅगेत ठेवला. म्हणाला, आज कॅन्सल करू, मी उद्याच बदलून मागवतो, पुढच्या शनिवारी इथेच येऊ. मी भांडले. म्हटलं, लहू, आलाय तो राहू दे ना, काय बिघडतं. तो म्हणाला, ताई, सत्तर वर्षांनी एक फोटो काढायचा आणि तोही खोटवाला? मी व्हॅनचं मागचं दार उघडायला गेले.  मावशींनी दोन खुर्च्या स्वतः उचलून व्हॅनपर्यंत आणल्या.

त्या मंगळवारी वारं सुटलं, सोबत पाऊस, आणि दोन दिवसांत झाडं बोडकी झाली. नवी लेन्स आली तेव्हा तळ्याकाठी सगळं करडं होतं. मग मावशींना सर्दी झाली, मग सामान भरायची गडबड. महिन्याच्या शेवटी त्यांचं विमान होतं. विमानतळावर निघताना लहू म्हणाला, आई, पुढच्या उन्हाळ्यात पक्कं, तोवर लेन्सचं फायनल करून ठेवतो. मावशींनी त्याच्या गालावरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "खुर्च्या सांभाळून ठेव म्हना उपासनाले."

जानेवारीच्या एका गुरुवारी नागपूरला, सकाळी, चहा घेताना त्या गेल्या. हृदय थांबलं. मोहनचा फोन आला.

लहूला जाता आलं नाही. त्याचा व्हिसा वाढवायला पाठवलेला होता, पासपोर्टवरचा जुना शिक्का संपलेला. वकील म्हणाली, जायला हरकत नाही, पण परत कधी येता येईल ते सांगता येणार नाही. नोकरी, घर, मैत्रीची शाळा. तो दिवाणखान्यात जमिनीवर बसून व्हिडिओ कॉलवर बघत राहिला. तिकडे कुणाचा तरी हात हलत होता. चित्र धूसर येत होतं, मधेच अडकत होतं.  मी त्या दिवशी पहिल्यांदा त्याला धूसर चित्राबद्दल गप्प बसलेलं पाहिलं.

दहा दिवसांनी, रविवारी, आम्ही सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पुण्यानुमोदन ठेवलं. वंदना, त्रिशरण-पंचशील, मग कुणाला बोलायचं असेल तर दोन शब्द. त्यासाठी फोटो हवा होता. शुक्रवारी दुपारी मी त्याच्याकडे गेले, तर डायनिंग टेबलावर लॅपटॉप आणि तो समोर बसलेला.

मी माझे फोनमधले काढले. एकात तळहात. दुसऱ्यात तळहात आणि चष्म्याची एक काडी. तिसऱ्यात गॅसपाशी पाठमोऱ्या. चौथ्यात पुन्हा तळहात. मोहनच्या फोनमधले फोटो त्या फोनबरोबरच कूलरच्या पाण्यात गेले होते.

"आणि ते इथले?" मी विचारलं. "सहा महिने तू रोज काढत होतास. तळ्याकाठी अकरा काढलेस."

त्यानं मान हलवली. मग मला दाखवलं. पुसलेलं कार्ड पुन्हा खणून काढणारा एक प्रोग्रॅम असतो, तो त्यानं तीन दिवस चालवला होता. अकराशे फोटो परत मिळाले होते. विटांची भिंत. कुंपण. सीरियलचं खोकं. विटांची भिंत. नंतरच्या लेन्सचे फोटो त्याच जागेवर पुन्हा पुन्हा बसत गेले होते, त्यामुळे वर आल्या त्या फक्त विटा. आई एकातही नव्हती. तो ते एकेक करून पुढे सरकवत होता, न थांबता, आणि प्रत्येक भिंत अगदी स्वच्छ होती. शेवटी मी लॅपटॉपचं झाकण लावलं. मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच न करता मी चहा टाकला.

फोटो मिळाला तो व्हिसाच्या अर्जातला. दोन इंचांचा चौकोन, मागे पांढरी भिंत, कान दिसतील असे केस मागे ओढलेले. चष्मा काढायला लावतात, म्हणून चष्मा नाही. हसायचं नाही, म्हणून हसू नाही. चष्म्याशिवाय मावशींना दोन हातांवरचं दिसत नसे, त्यामुळे त्या कुठे बघताहेत तेच कळत नव्हतं. फार्मसीतल्या फोटोच्या काउंटरवर मी तो मोठा करून आणला. तिथली मुलगी म्हणाली, फाइल लहान आहे, फोटो धूसर येईल. मी म्हटलं, येऊ दे. लहूनं तो हातात घेतला, बघितला आणि शेरा दिला नाही.

रविवारी बर्फ पडत होतं, तरी पस्तीस-चाळीस माणसं आली. टेबल तयार होतं, बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, फुलं, पण फ्रेम टेबलावर नीट उभी राहीना. तेव्हा उपासना बर्फातून घरी गेली आणि त्या तीन खुर्च्या घेऊन आली. पुसल्या. एका रेषेत लावल्या. फोटो मधल्या खुर्चीवर ठेवला.

मैत्री त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मग आईला म्हणाली, "दॅट्स नॉट आजी." उपासनानं तिला जवळ ओढलं आणि दोघी रडल्या. मीही रडले, सांगायला लाज कसली.

वंदना झाली. लोक बोलले. विवेक बोलला, मावशींच्या हातच्या झुणक्याबद्दल आणि शाळेतल्या नोकरीबद्दल. मग सगळ्यांनी लहूकडे पाहिलं. तो उठला.  त्यानं खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि वाचायला लागला. आवाज अगदी साधा, ऑफिसात मीटिंगमध्ये वाचतात तसा.

"ऑक्टोबर, दुसरा शनिवार. तळं. फोटो नंबर सात. मधे आई, खुर्चीवर. मधे शार्पनेस दहापैकी दहा. आईचे डोळे स्वच्छ, चष्म्यात झाडं दिसतात. केस सुटे सुटे. हसते आहे. डावी कडा, मैत्री, नऊ. उजवी कडा, मी. सॉफ्ट. शेरा, रिजेक्ट."

बसलेल्यांना काही कळलं नाही. लोकांना वाटलं, पोरगा दुःखानं भलतंच बोलतोय. एक काका पाणी आणायला उठले. मला आणि उपासनाला कळलं. सात महिने, सात लेन्स, आणि त्या फोटोत आई जशी हवी तशी होती. खोट होती ती टोकाला धापा टाकत उभ्या असलेल्या त्याच्यात. तेवढ्यासाठी त्यानं तो पुसला. त्याला हे आज कळलं नव्हतं. त्यानं ते स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं, त्याच संध्याकाळी, आणि मग कार्ड रिकामं केलं होतं.

लहूनं फोन खिशात ठेवला आणि खुर्चीवरच्या फोटोकडे वळला. त्या चष्मा नसलेल्या, कुठेतरी भलतीकडे बघणाऱ्या बाईकडे.

"आई विचारत होती, मी आली का त्यात," तो म्हणाला. "मी सांगितलंच नाही. आली होती. एकदम चांगली आली होती."

मग तो कुठे बसावं ते न सुचून बाजूच्या खुर्चीच्या कडेला टेकला, आणि ती एक पाय आखूड असल्यासारखी डुगडुगते आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही.